तिसरा

मिना सक्रच्या धक्क्यावर सकाळी सातलाच
लोखंड हाताला चटका देतं.
मागे हजरचा डोंगर, रोज थोडा थोडा फोडून
चुनखडी म्हणून बोटींत भरला जाणारा.
त्याची धूळ बसते भुवयांवर, चहावर,
सही करायच्या कागदावर.

मी विम्याकडून आलेला माणूस.
शिडी चढून वर गेलो की चीफ मेट
गार लबानचा पेला पुढे करतो
आणि मनातल्या मनात मोजतो,
हा किती वाजता उतरेल.

कवायतीचं रजिस्टर उघडलं.
शुक्रवारची लाइफबोट कवायत व्यवस्थित पार पडलेली,
बावीस सह्या,
पेन एकच.
आज बुधवार.
मी काही बोललो नाही.
खडू घेतला, आणि हॅचच्या रबरावर
जिथून पाणी आत शिरेल तिथे गोल काढत गेलो.
अकरा गोल.
दर गोलाला वाकताना गुडघा आपलं मत देत होता.

तेवढ्यात पुढे, बॅलास्ट टाकीच्या तोंडाशी
इरफान मुकादम, कॅडेट, दाभोळचा, वय एकोणीस,
एक पाय आत सोडून.
हातातली बॅटरी निसटली होती त्याची.
"दोन मिनिटं, सर. ती काय, दिसतेय."

दिसत होती.
बारा मीटर खाली, चिखलात कलंडलेली,
एका बरगडीवर उजेड टाकत.

मी त्याची कॉलर धरली.

शुवेखच्या बाहेर नांगरावर होतो आम्ही, ब्याण्णव साली.
वामन भाटकर असाच उतरला, पाना आणायला,
आणि सातव्या पायरीवर बसला,
दमलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा.
मग घसरला.
त्याला आणायला बाबी तारकर,
"वामन्या, अरे वामन्या" करत.
दुसऱ्या हाकेतला "न्या" वर आलाच नाही.

पहिला कामापायी जातो, दुसरा मायेपायी.
क्लेमच्या कागदावर दोघांना नंबर एकच.

तिसरा मी होतो.
दोन्ही पाय आत गेले होते माझे.
मागून कॉलर ओढली ती सांतान ब्रिटोने,
वसईचा आचारी, कांद्याच्या हातांनी,
कालवण करपत ठेवून.
मी त्याला लाथा घातल्या. आईवरून शिव्या दिल्या.
त्याने सोडलं नाही.
त्या रात्री कोणी जेवलं नाही, तरी त्याने
पातेलं घासून ठेवलं.

इरफानने लाथ नाही मारली.
"शर्ट फाटला ना, सर," एवढंच म्हणाला,
आणि तुटलेलं बटण डेकवर शोधत राहिला.

दोरीला मीटर बांधून खाली सोडला.
वीस पूर्णांक नऊ.
वीस.
एकोणिसाला किंचाळायला लागला तो,
तरी सोडत राहिलो.
चौदा. नऊ.
चार महिने बंद टाकीत दुसरं कोणी नव्हतं,
गंजाने बसून हवा खाल्ली होती सगळी.
वास नाही, धूर नाही, रंग नाही.
इरफान आकडा बघत होता.
बटण शोधणं थांबलं.

मग पंखा लावला. कापडी नळी आत सोडली.
मेट सारखा घड्याळाकडे,
मी मीटरकडे.
दोन तासांनी आकडा जागेवर आला, तळापर्यंत,
तेव्हा बोसन उतरला, कमरेला दोरी,
तोंडाशी एक माणूस फक्त त्याच्याकडे बघायला.
तो माणूस इरफान.
पापणीसुद्धा जपून लववत होता.

उतरताना मेटला म्हटलं,
शुक्रवारची कवायत शुक्रवारी घ्या.
तो हसला. नुसता हसला की समजून, कळलं नाही.

संध्याकाळी दुबईहून ऑफिसचा फोन.
अहवालात नुकसान शून्य,
मग बिलात दोन तास जास्तीचे कसले?
टाकीला वारा दिला, म्हटलं.
बरं. काय निघालं आतून?

बॅटरी, म्हटलं.
अजून चालू आहे.